'एक रसिक' यांना उत्तर: बासरीतली गायकी हा शिक्का नव्हे

बासरीतल्या गायकी अंगावरच्या, म्हणजे गळ्याने गायल्यासारखं वाजवण्यावरच्या, माझ्या लेखावर 'एक रसिक' या नावाने तुम्ही लिहिलंत, "बासरीला शब्दच नाहीत, तेव्हा गायकी अंग हा वादकांनी मोठेपणासाठी मारून घेतलेला शिक्का आहे. आधी थोडं ऐका, मग लेख लिहा." मतभेदाचं मला वावडं नाही. पण "आधी थोडं ऐका" हे तुम्ही कुणाला सुनावताय? ही भाषा रसिकाची नाही.

मी शिकलो ते गुरुजी आधी बंदिश गाऊन घेत. ती गळ्यात बसल्याशिवाय बासरीला हात लावायचा नाही. यमन रागातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, वाजवताना माझा श्वास शब्दाच्या मध्येच तुटला की ते ठेका थांबवत आणि विचारत, "अक्षर कुठे टाकलंस?" फुंक कुठे सोडायची, जिभेचा आघात कुठे द्यायचा, समेवर येताना कुठला आकार लांबवायचा, हे सगळं त्या ऐकू न येणाऱ्या शब्दांवरून ठरतं. तुम्हाला शब्द ऐकू येत नाहीत म्हणून ते वादकाच्या मनातही नसतात, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि गायकी नुसती शब्दांत असते का? थोर बासरीवादक पन्नालाल घोषांनी लांब बासरी घेतली, कारण आखूड बासरीवर ख्यालाला लागणारा खर्ज, म्हणजे खालचे खोल स्वर, मिळेना. सहा छिद्रांच्या बासरीवर सगळी छिद्रं उघडली की तीव्र मध्यम, आणि पंचमासाठी सगळी एकदम झाकायची. या दोन स्वरांमध्ये मींड घ्यायची, म्हणजे न तुटता एकावरून दुसऱ्यावर सरकायचं, कसं? गळा तिथून सहज सरकतो, बासरी तिथेच अडते. म्हणून सातवं छिद्र आलं, उजव्या करंगळीसाठी. सातही झाकून तीव्र मध्यम धरायचा आणि करंगळी हळूहळू सरकवत पंचमावर जायचं. यमनमध्ये ती जागा नीट ऐका. मिरवण्यासाठी कुणी वेळूला नवं भोक पाडून, त्यासाठी हाताची सगळी बैठक बदलत नाही.

बासरीवादक हरिप्रसाद चौरसियाजींच्या आलाप-जोड-झाल्याबद्दल मी एकच वाक्य लिहिलं, ही तुमची तक्रार रास्त आहे. त्यांच्या गुरू अन्नपूर्णादेवींकडून आलेलं ते तंतकारी, म्हणजे तंतुवाद्यांच्या वळणाचं, अंग बासरीवर फार सुंदर उभं राहिलं आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण एक अंग मोठं म्हणून दुसरं ढोंग ठरत नाही. पन्नालालजींचे शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी त्यांची वाट आयुष्यभर चालवली. त्यांचा विलंबित ऐकूनही तुम्ही 'शिक्का' म्हणत असाल, तर मला तुमच्या कानांबद्दलच शंका येते.

मी एका परंपरेची जाहिरात करतो वगैरे जे लिहिलंय, त्याला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावानिशी लिहिलीत, तरच छापेन.