पट्टी कोणती, माऊली?

सप्त्याचा फ्लेक्स नीट वाचला तर गावात साधा माणूस एकही उरलेला नाही असं कळतं. कीर्तनकार ह.भ.प., गायनाचार्य ह.भ.प., मृदंगाचार्य ह.भ.प., विणेकरी, चोपदार. खाली कोपऱ्यात मंडपवाला आणि माईक-कर्ण्याचा मशीनवालासुद्धा पासपोर्ट फोटोसकट ह.भ.प. झालेला असतो. पेटीवाला मात्र ‘आणि समस्त भजनी मंडळ’ यात. त्यातला समस्त म्हणजे मी.

नावाचं काही नाही. माझं दुखणं रात्री साडेआठ ते नऊ एवढ्यातच आहे. पहाटे 4 चा काकडा निभून जातो, कारण त्या वेळी सुराबद्दल मत असण्याइतकं कुणी जागं नसतं. विष्णुसहस्रनाम, पारायण, गाथा भजन, प्रवचन, हरिपाठ, सगळं आपापल्या चालीनं पार पडतं. पण 9 च्या कीर्तनाला सगळा गाव येतो आणि त्याआधी पेटी, पखवाज, गायक आणि महाराज या चौघांना एका पट्टीवर, म्हणजे एकाच सा वर, आणायचं काम असतं. सरपंचाची निवडणूक बिनविरोध करणं यापेक्षा सोपं.

त्यात मुलूख मराठवाड्याचा. नरसी नामदेवांची, गंगाखेड जनाबाईंचं, तेर गोरोबाकाकांचं, पैठण नाथांचं. गोदावरीकाठी ढेकूळ फेकलं तर ते टाळकऱ्यालाच लागायचं. पखवाजाच्या बाबतीत तर अंबाजोगाईकडच्या आपेगावनं शंकरबापू दिले, पद्मश्रीपर्यंत गेलेले. (ज्ञानेश्वरांचं आपेगाव ते नव्हे, ते पैठण तालुक्यातलं; पाहुणे महाराज हमखास गफलत करतात आणि पुढची रांग कानकोंडी होऊन बघत राहते.) त्यामुळे इथं पखवाज बोलेना झाला की कारण प्रत्येकाला ठाऊक असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

महाराज येतात नऊला पाच कमी असताना, दुसऱ्या गावचं कीर्तन उरकून, घसा बसलेला. “पट्टी कोणती, महाराज?” “काळी एक घ्या, माऊली.” (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरायची.) मागे उभे दोन गायनाचार्य विशीतले, आळंदीत शिकून आलेले. ते पांढरी चारच्या खाली उतरत नाहीत. पखवाज दुपारीच त्यांच्यासाठी पांढरी चारला लावून ठेवलेला. आता पेटीवाल्याला काय, त्यानं बोट सरकवलं की झालं. स्केलचेंजर पेटी असेल तर बोटही सरकवायला नको, पट्टाच सरकवायचा. पखवाज तसा सरकत नाही. अंगावरचे लाकडी गट्टे ठोकून तो अर्धा सूर, फार तर एक सूर हलतो. इथं अंतर दोन सुरांचं. तेवढा उतरवला तर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ढिली पडून आवाज मेल्यागत होतो. उलट खालचा तेवढा चढवला तर पुडी फाटते, आणि सप्त्यात पुडी कोण भरून देणार?

मग तसंच सुरू होतं, आणि खरी गंमत इथं आहे. काळी एक हा सा धरला तर पांढरी चार होतो शुद्ध गंधार. महाराज रंगात आले, मालकंस राग लावला. मालकंसाला गंधार कोमल. म्हणजे महाराज डोळे मिटून कोमल गंधारावर थांबलेत आणि मृदंगाचार्य शेजारी थाप मारून मारून शुद्ध गंधार सांगतायत. श्रोते म्हणतात, आज काहीतरी निराळंच चाललंय, लई भारी. तडजोड म्हणून पखवाज काळी चारला न्यावा, तो काळी एकचा पंचम, एरवी झकास जमतो. पण मालकंसात पंचमही वर्ज्य. तिथं मध्यम, म्हणजे काळी तीन हवी. माझं ऐकाल तर अशा रात्री महाराजांना भूप गायला लावावा. भूपात शुद्ध गंधार वादीच, म्हणजे मुख्य सूरच, आहे, पखवाज चुकून शहाणा ठरतो. पण महाराजांना राग सुचवायची पेटीवाल्याची प्राज्ञा नाही. दोन पखवाज ठेवावेत, एक मोठ्या तोंडाचा उतऱ्या पट्टीसाठी आणि एक लहान तोंडाचा चढ्यासाठी, हा सरळ उपाय. सप्ता कमिटी म्हणते, एक फुटला तर बघू.

हे झालं शाईच्या, म्हणजे उजव्या बाजूचं. धुमाच्या, म्हणजे डाव्या बाजूला कणीक लागते आणि तिथून प्रकरण भटारखान्यात जातं. कणीक गव्हाचीच, मूठभर, नुसत्या पाण्यात, पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळलेली. पाच मिनिटं मळून ताणून बघायची, ताणली जाते म्हणजे चिकटणार. पुडी ओल्या बोटानं पुसून मधोमध थापायची, मध्ये जाड, कडेला पातळ, आणि किनारीला लागू द्यायची नाही, लागली की घुमारा बसतो. जास्त लावली की आवाज खाली जातो, कमी केली की वर. एवढंच शास्त्र. पण आचारी देतो ती कणीक पुऱ्यांची. तिच्यात मोहन, मीठ आणि घट्टपणा. तेलानं ती धरत नाही, मिठानं कातडं ओल धरतं, आणि घट्टपणामुळं ठेका चढला की गोळा सुटून थेट पहिल्या रांगेत. एखाद्या घरातून मावशी धावत पीठ आणून देतात, ते ज्वारीचं. ज्वारीच्या पिठात चिकटपणा नाही. भाकरी थापणाऱ्या हातांना हे माहीत असतं, पण देवाच्या कामाला नाही म्हणायचं कसं? पंधरा मिनिटांत भेगा पडतात आणि मृदंगाचार्यांच्या पांढऱ्या धोतरावर पिठाची रांगोळी उमटते.

चैत्रातल्या सप्त्यात तर कणकेला सावरायला एक माणूसच लागतो. हवा कोरडी, त्यात कुणीतरी मृदंगाचार्यांची काळजी म्हणून टेबल फॅन त्यांच्याकडं फिरवलेला. कणीक सुकते, हलकी होते, धुम चढत जातो. दोन अभंगांच्या मध्ये बोटानं पाणी शिंपडलं की जागेवर येतो. पाण्याची वाटी म्हणून शेजारी ठेवलेली असते, आणि ती तहानलेला टाळकरी पिऊन टाकतो. श्रावणात उलटं, कातडं दमट हवेत सैल पडतं, शाईच्या बाजूचा सूर उतरतो. तेव्हा हातोडी. थोडा फरक असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या कातडी वेणीवर, वरून हलके ठोके, म्हणजे सूर चढतो. खालून मारले तर उतरतो. जास्त फरक असेल तर गट्टे सरकवायचे. गजऱ्याच्या एका घरावर ठोकलं की समोरच्या घरावरही ठोकायचं, नाहीतर एक बाजू चढी, एक उतरी आणि बोट ठेवाल तिथं वेगळी पट्टी. हे काम शांततेचं आहे. नेमकी तेव्हाच कमिटीची देणगीदारांची यादी माईकवर सुरू होते.

मशीनवाल्याबद्दल फार बोलत नाही, त्याच्या हातात आपला आवाज असतो. इको तो पूर्ण लावतो, कारण तो लावलेला कळला पाहिजे. शिवाय कर्णा वेशीवर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो; 100 मीटरवरच्या कर्ण्यातला ठेका परत मंडपात यायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. द्रुत लयीत तेवढ्यात जवळजवळ एक मात्रा होते. पुढचे टाळकरी पखवाज ऐकतात, मागचे कर्णा ऐकतात, आणि मध्ये उभी असलेली पोरं दोन्हीकडं बघून पावली टाकतात. नियमानं रात्री 10 ला कर्णे बंद करावे लागतात. त्या मिनिटापासून संगत सुधारते, हे मी दर सप्त्यात सांगतो आणि दर सप्त्यात मला काकड्याला बोलवायला कुणी येत नाही.

वीणा या सगळ्यात नाही, ती वेगळीच. दोन दोन तासांचा पहारा धरला तर दिवसाचे 12, सात दिवसांचे 84 पहारे. या गळ्यातून त्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. पहिल्या दिवशी मिळवलेल्या तारा तिसऱ्या दिवशी कुठल्या कुठं गेलेल्या असतात. उभ्या उभ्या खुंटी पिळली आणि तार तुटली तर बालंट कुणावर, म्हणून कुणी हात लावत नाही. विणेकरी बाबांना सांगितलं, तार उतरलीय, तर म्हणतात, “नाम चढलंय नव्हं?” यावर उत्तर नाही.

आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, दहीहंडी, मग पंगती. त्या गडबडीत मृदंगाचार्यांनी धुमावरची कणीक ओली असतानाच बोटांनी काढून पुडी पुसायला हवी. सुकलेली कणीक चमच्यानं खरवडली की पुडीला ओरखडा. तशीच ठेवली की रात्रीत उंदीर कणकेसकट पुडी खातो, आणि तो फक्त कणीक खाऊन थांबल्याचं ऐकिवात नाही. सांगायला गेलो तर मृदंगाचार्य बुंदी वाढायला गेलेले. शेवटी कणीक मीच काढतो आणि पखवाज गवसणीत घालतो. परवापासून शेजारच्या गावचा सप्ता आहे. तिथली पेटी जुनी, आतले सूर उतरलेले. तिची काळी एक आमच्या पांढरी एक आणि काळी एकच्या मध्ये कुठंतरी आहे. आमचे गायनाचार्य तिथंही पांढरी चारच सांगणार आहेत, आणि मृदंगाचार्यांनी आत्ताच निरोप पाठवलाय की पखवाज लावूनच आणा.