तिला नखरेल म्हणू नका

आज दुपारी जेवताना आमच्या मोठ्या भाऊजींनी आमच्या कुत्रीच्या, सोनीच्या भरल्या वाटीकडं बघितलं आणि म्हणाले, "लई लाडावलीय. दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी दगडं बी खाईल." सगळे हसले. मी वाढत होते. मोठ्यांपुढं काही बोलले नाही, पण ते वाक्य अजून डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलेय. भाऊजी फेसबुकवर आहेत. वाचतील. वाचू द्या.

सोनी कालपासून जेवली नाही. लातुरात सध्या ऊन असं आहे की माणसालाच घास गोड लागेना. उन्हाळ्यात कुत्री कमी खातात, हे मलाही कळतं. पण कमी खाणं वेगळं आणि वाटीचा वास घेऊन मान फिरवणं वेगळं. हे मला एकदा ओळखता आलं नव्हतं.

येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही गावाकडं होतो. त्या दिवशी शिवारात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मिसळ पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. ओळखीचा असो नसो, माणसाला जेवल्याशिवाय बांध ओलांडू द्यायचा नाही. सोनीलाही कुणी ओलांडू दिला नाही. चार शेतांत तिनं भज्जी खाल्ली, लसणाची आंबील प्याली. मी बघत होते. बरं वाटत होतं, की घरच्या लेकरासारखं तिलाही सगळे बोलावतात.

रात्री ती दोनदा ओकली. दुसऱ्या दिवशी हगवण लागली. मामी म्हणाल्या, "दूध-भाकर कुस्करून दे, पोट थंड होईल." दिली. हगवण वाढली. तिसऱ्या दिवसापासून तिनं वाटीला तोंड लावलं नाही, आणि मी काय म्हणाले माहितीय? "भज्जीची चव लागलीय, आता भाकर कशाला गोड लागतीय. नखरे हायत नुसते."

हे मी म्हणाले. भाऊजी नाही, मी.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात तिची लघवी बघितली. कोऱ्या चहासारखी. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. गाडी केली आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "कांदा-लसूण किती खाल्लाय?" मला तेव्हा कळलं की भज्जीतली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलं तरी ते जात नाही. आणि लगेच दिसतही नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं. म्हणजे ज्या दिवशी मी तिला नखरेल म्हणाले, त्या दिवशी तिचं रक्त आतल्या आत नासत होतं.

सलाईन लागली. रक्त चढवायची वेळ आली नाही, थोडक्यात वाचली. पूर्ववत व्हायला पुढचे काही आठवडे गेले. मीठ-मसाला न घालता उकडलेलं बिनहाडाचं चिकन आणि मऊ भात, थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा. कधी उकडलेला भोपळा. दूध बंद. मोठ्या कुत्र्यांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, पिलूपण सरलं की दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. आणि आपल्याकडं कुत्रं आजारी पडलं की पहिलं काय पुढं करतात? दूध-भाकर.

याच चिकनवरून मागं एकानं ऐकवलं होतं की 2016 ला लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय, अन् तुम्ही कुत्र्याला बिनहाडाचं चिकन चारता. हो, चारते. त्या उन्हाळ्यात मीही घागर घेऊन रांगेत उभी होते, मला दुष्काळ शिकवायची गरज नाही. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या बाया धुण्याचं पाणी वाचवून दारातल्या कुत्र्यांसाठी डबड्यात ओतायच्या. ही माया आपलीच आहे ना? मग आता तिची लाज का वाटते?

बरं, लाडानं बिघडलेली कुत्रीही असतात, मान्य. दर तासाला बिस्कीट दिलं तर वाटीतलं कोण खाईल. वाटी 15-20 मिनिटं ठेवायची, नाही खाल्लं तर उचलायची, मधे काही द्यायचं नाही, आठवड्यात ताळ्यावर येतात. पण हे धडधाकट कुत्र्यासाठी. जे ओकतंय, ज्याला हगवण आहे, जे कोपऱ्यात मलूल पडलंय, त्याला उपाशी ठेवून काय शिकवणार तुम्ही? आणि पिलू असेल, शी रक्ताची असेल, तर एक रात्रसुद्धा थांबू नका. पार्वो हा विषाणूचा आजार असला तर पिलाला सकाळ बघायला मिळेलच असं नाही.

सगळ्यात संताप येतो तो मेडिकलवाल्याला विचारून गोळी देणाऱ्यांचा. माणसाची दुखण्याची गोळी अर्धी करून कुत्र्याला! तिनं पोटात अल्सर होतात, किडनी जाते. आपल्या मराठवाड्यात परभणीला 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला आहे, तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत. बैल चरायचा थांबला की आपण त्याच दुपारी डॉक्टरला फोन करतो. बैलाला कुणी नखरेल म्हणत नाही.

भाऊजी, तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. येळवसला सोनीला सगळ्यात मायेनं तुम्हीच बोलावलं होतं, उंडा मोडून हातानं भरवला होता. म्हणून तर दुपारी तुमच्या तोंडून ते ऐकताना जास्त लागलं. तेव्हा तिला काय झालं होतं हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

संध्याकाळी तिच्या हिरड्या बघितल्या. गुलाबी आहेत. लघवीही साफ आहे. पण अंग गरम लागलं, थर्मामीटर लावलं तर 103.4. कुत्र्याचं साधारण 101 ते 102.5 असतं. कानामागं तीन गोचिड्या सापडल्या. म्हणजे कदाचित गोचीड ताप, रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही.

आत्ता साडेदहा वाजलेत. ओल्या पोत्यावर पडलीय. मघाशी उठली, वाटीपाशी गेली, वास घेतला, थोडं पाणी पिली आणि माझ्या पायाशी येऊन बसली. सकाळी आठला दवाखाना उघडतो, गाडीवाल्याला सांगून ठेवलंय.