बोअरची परवानगी कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुंबईत सोसायटीच्या आवारात बोअर किंवा रिंगवेल (सिमेंटच्या कड्या उतरवून केलेली विहीर) घ्यायची तर पालिकेची परवानगी घ्या आणि बंद पडलेली विहीर रीतसर बंद करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जमीन सोसायटीची, म्हणून तिच्याखालचं पाणीही सोसायटीचं. पालिका पुरेसं पाणी देत नाही, आणि आम्ही आमचं काढायला गेलो की कागद मागते. हे कागद म्हणजे चिरीमिरीची सोय. टँकरवाले बेधडक उपसतात, त्यांना कोणी हात लावत नाही. शिवाय जुनी विहीर बंद करायची तर एवढा बाऊ कशाला, दोन गाड्या डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकलं की काम झालं.

मालकीच्या मुद्द्यावर तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात, कलम ७ खालच्या उदाहरणांत, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला आहे असं सरळ लिहिलेलं आहे. त्याला पुढे आव्हानं मिळाली. केरळातल्या प्लाचिमडाच्या शीतपेय कारखान्याच्या खटल्यात २००३ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही सार्वजनिक ठेव मानली, तर २००५ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने वेगळा निकाल दिला. हा वाद वकिलांवर सोपवू.

कारण पाणी शंभर टक्के तुमचं धरलं, तरी परवानगीचा प्रश्न उरतोच. पालिका बघते ते मुख्यतः भोक. ते कुठे पाडताय, किती खोल, खाली काय लागणार आणि वर झाकण काय. पाणी तुमचं असेल, पण भोकाचे परिणाम कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबत नाहीत.

ठाण्याचं उदाहरण ताजं आहे. मुंबईला पाणी आणणाऱ्या पंधरा किलोमीटर लांबीच्या जलबोगद्याला तिथे बोअर मारताना भोक पडलं. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. बोअर कोणाच्या तरी खाजगी जागेत, आणि ऐन उन्हाळ्यात बादल्या भरून ठेवतंय अख्खं शहर! बोअरची गाडी तासाभरात काम सुरू करते. खालून काय जातंय हे त्या ड्रिलरला दिसत नाही आणि पाणाड्याच्या नारळालाही कळत नाही. कळण्याची शक्यता असते ती नकाशे हाताशी असलेल्या कचेरीत. तिथल्या बाबूच्या टेबलावर फाईल महिनोन्‌महिने पडून राहते ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पण त्यावर इलाज म्हणजे फाईल लवकर हलवून घेणं. नकाशा न बघता भोक पाडणं हा इलाज कसा होईल?

दुसरी गोष्ट डासांची. तुम्ही लिहिलंय की ‘पालिकेने विहिरींच्या मागे लागायचं हे नवीन फॅड आहे.’ हे फॅड शंभर वर्षांहून जुनं आहे. मुंबईतल्या हिवतापाचा तपास डॉ. चार्ल्स बेंटली यांनी केला आणि १९११ साली त्यांचा अहवाल आला. शहरातला मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास विहिरी, हौद आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे त्यातून पुढे आलं. गटाराचं पाणी त्याला नको असतं, तो तुमच्या-आमच्या पिण्याच्या पाण्याचा शौकीन. मग पालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा धडाका लावला. विहार तलावाचं पाणी १८६० मध्येच आलं होतं, तरी घरोघरी विहिरी होत्या आणि त्यांच्याशी पूजाअर्चा जोडलेली होती. हिंदू आणि पारशी दोन्ही समाजांतून कडाडून विरोध झाला. क्रॉस मैदानाच्या कडेची भिका बेहराम विहीर १७२५ सालची. समुद्र हाकेवर असूनही तिचं पाणी गोड, आणि ती आजही नांदती आहे. म्हणजे विहीर राखायची आणि नीट सांभाळायची, हे या शहरात जमलेलं आहे. सगळ्या विहिरी बुजवा असं मी लिहिलेलंच नव्हतं. ते वाक्य तुम्ही माझ्या तोंडी घातलंत.

मुंबई महानगरपालिका कायद्यात कलम ३८१अ बघा. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय नवी विहीर, तलाव, तळं, हौद किंवा कारंजं करायचं नाही, असं ते सांगतं. कारंजंसुद्धा! आणि हे कलम कुठे बसवलंय? उपद्रवी डबकी बुजवण्याच्या कलमाला लागून. कायद्याची नजर तुमच्या पाण्यावर नसून डासांच्या अळ्यांवर आहे, हे त्या शेजारावरूनच कळतं. कीटकनाशक विभागाचा माणूस तुमच्या विहिरीत बॅटरी मारून बघतो, गप्पी मासे सोडा म्हणतो, झाकणाची फट दाखवतो, ते याच परंपरेतलं.

पालिका पाणी देत नाही, हा तुमचा राग मात्र कागदावरही उपयोगी पडणारा आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतंत्र घरांच्या घरगुती वापराला सूट आहे. गृहनिर्माण सोसायट्यांना ना-हरकत लागते, पण स्थानिक यंत्रणा गरजेइतकं पाणी देऊ शकत नाही हाच नव्या विहिरीसाठी त्यांचा आधार असतो. तेव्हा अपुऱ्या पुरवठ्याची तक्रार सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न करता जलखात्याकडे लेखी करा आणि उत्तर जपून ठेवा.

टँकरवाल्यांना कोणी विचारत नाही, हे मात्र अर्धंच खरं. एप्रिल २०२५ मध्ये याच ना-हरकतीवरून पालिकेने, टँकर जिथून भरतात त्या विहिरींच्या मालकांना नोटिसा दिल्या. टँकर संघटनेने संप केला, शहराची तारांबळ उडाली आणि नोटिसा काही काळ मागे ठेवाव्या लागल्या. म्हणजे विचारलं, पण दमात घेतलं गेल्यावर आवाज खाली आला. यावर तुम्ही चिडलात तर मीही तुमच्या बरोबर आहे. फक्त त्यातून ‘मग आम्हीही तसंच करू’ हे निघत नाही.

आता डेब्रिज. बोअर म्हणजे खालच्या खडकातल्या पाण्यापर्यंत उतरलेली उघडी नळी. डेब्रिजसोबत रंगाचे डबे, जिप्सम, प्लास्टिक, काय काय जातं, आणि तेच शेजारच्या सोसायटीच्या पंपातून वर येऊ शकतं. शिवाय तुकडे मध्येच अडकतात. वरून भरल्यासारखं दिसतं, खाली पोकळी राहते आणि पावसात जमीन खचते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, फेब्रुवारीत आणि मग ऑगस्टमध्ये, उघड्या बोअरबाबत जे आदेश दिले, त्यात बंद बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, गोटे, खडी किंवा ड्रिलिंगच्याच चुऱ्याने भरायची असं आहे. नव्या बोअरसाठी खोदण्याआधी पंधरा दिवस लेखी सूचना, केसिंगभोवती (बोअरमध्ये बसवलेल्या पाईपाभोवती) ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा काँक्रीट ओटा, आणि वेल्डिंग केलेलं किंवा नटबोल्टने आवळलेलं झाकण. पंप दुरुस्तीला काढला तरी तोंड उघडं ठेवायचं नाही. हे आदेश कशामुळे आले ते २००६ मध्ये कुरुक्षेत्राजवळ बोअरमध्ये पडलेल्या पाच वर्षांच्या मुलाची सुटका ज्यांनी टीव्हीवर पाहिली, त्यांना सांगायला नको. तो वाचला. २०१९ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ पडलेला दोन वर्षांचा मुलगा वाचला नाही, आणि ते आदेशांनंतर नऊ वर्षांनी.

तुमच्या आवारातल्या रिंगवेलबद्दल शेवटी विचारलंय, म्हणून सांगतो. पाणी येत असेल तर ती बुजवू नका. तपासून घ्या, गाळ काढा, फट नसलेलं आणि कुलूप लागणारं झाकण बसवा, फ्लशिंग आणि बागेसाठी वापरा. बंद पडलेल्या बोअरचा पंप आणि पाईप आधी बाहेर काढा, मग वॉर्ड ऑफिसला पत्र देऊन वर सांगितल्यासारखी भरा आणि भरतानाचे फोटो ठेवा. डेब्रिजवाल्याला बोलावलं असेल तर आजच फोन करून नको म्हणा.