कळसूबाईवर सिंहगड

तंबूत राहण्याचा माझा अनुभव एका रात्रीचा आहे. पवना धरणाच्या काठी. तंबू आधीच ठोकून ठेवलेला होता, आत गादी होती, बाहेर एक मुलगा कणसं भाजून देत होता आणि पलीकडच्या तंबूतली मंडळी पहाटे तीनपर्यंत स्पीकरला साथ देत होती. एवढ्या भांडवलावर मी घरी येऊन चहा पिता पिता म्हणालो, "तळं असावं तर असं, की काठावर चिटपाखरू नाही." बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की समोर मेहुणा बसलाय.

आमच्या मेहुण्याला दुसऱ्याच्या सहज बोललेल्या वाक्याची जबाबदारी घ्यायची खोड आहे. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, रारा."

मला वाटलं उचकी लागली.

रारा हे नेपाळमधलं सगळ्यात मोठं तळं. पार वायव्येला, मुगू जिल्ह्यात. भोवती 1976 साली केलेलं राष्ट्रीय उद्यान आहे, 106 चौरस किलोमीटरचं. पाण्याची उंची समुद्रसपाटीपासून 2,990 मीटर. असल्या आकड्यांनी माझ्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून मी घरगुती हिशेब केला. कळसूबाई 1,646 मीटर, सिंहगड 1,312. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर अख्खा सिंहगड ठेवला, वरच्या पिठलं-भाकरीवाल्या मावशींसकट, तरी तळं अजून बत्तीस मीटर वर राहतं. आणि मी सिंहगडावर जातो तो गाडीने, वाहनतळापर्यंत.

संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. त्यात मी, बायको, मेहुणा, मेहुण्याची बायको आणि वरच्या मजल्यावरचे काका. काकांना कोणी घेतलं हे आजतागायत कळलेलं नाही. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि कुठल्याही पाण्याकडे बघून त्यांच्या तोंडून एकच प्रश्न येतो, "साठा किती?" मेहुण्याने निळ्याशार पाण्याचे फोटो टाकले, खाली "स्वर्ग" असं लिहिलं. काकांनी क्षेत्रफळ विचारलं. 10.8 चौरस किलोमीटर. जास्तीत जास्त खोली 167 मीटर. रात्री अकरा वाजता त्यांचा संदेश आला : "सरासरी खोली शंभर धरू. अडतीस टीएमसी. आपली खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून एकोणतीस. आणि तिथे ना कालवा, ना आवर्तन, ना पाणीकपात. काय उपयोग?" तरी येणार का, असं मेहुण्याने विचारलं. "येणार तर. सांडवा बघायचाय."

मग तारखा. पावसाळा बाद, दरडी कोसळतात. डिसेंबरपासून पुढे बर्फ. उरला ऑक्टोबर आणि एप्रिल-मे. ऑक्टोबरच्या सुमारास आपला दसरा, तोच त्यांचा दशैं. तेव्हा सगळा नेपाळ गावी निघालेला असतो, गाड्या आणि विमानं भरलेली. दशैं संपतो तोवर आपल्याकडे चकलीची भाजणी दळायला गेलेली असते आणि भाजणी घरात असताना बायको पुणं सोडत नाही. मे महिन्यात मेहुण्याच्या बायकोकडे लग्न. (दर मे महिन्यात असतं. त्या घराण्यात एवढी माणसं आहेत कुठे, हा प्रश्न मी विचारत नाही.) शेवटी एप्रिल ठरला, आणि लगेच बायकोने विचारलं, "म्हणजे हापूस इथे पेटीत पिकणार आणि आपण तिथे?" यावर दोन दिवस ग्रुप शांत होता.

मार्ग ऐका. पुण्याहून लखनौ. तिथून मोटारीने रुपैडिहाची हद्द, पलीकडे नेपाळगंज. नेपाळगंजहून छोट्या विमानाने ताल्चा, आणि ताल्चाहून दोन-तीन तास पायी. विमान सकाळचंच असतं, कारण दुपारी डोंगरात वारा सुटतो. आणि सकाळी ढग असले तर सकाळचंही नसतं. दुसरी वाट सुर्खेतहून, जुम्ल्याकडे जाणाऱ्या कर्णाली महामार्गाने. हा 232 किलोमीटरचा महामार्ग मेहुण्याने व्हिडिओतून दाखवला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मध्ये जीप मावेल एवढा आशावाद. सासूबाईंनी तो व्हिडिओ पाहिला आणि उठून देवाजवळ दिवा लावला.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. माझ्या पासपोर्टची मुदत संपलेली. मतदार ओळखपत्रावर जो माणूस आहे त्याला मी स्वतःही कुठे जाऊ दिलं नसतं.

यात नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. सवय व्हावी म्हणून बायकोने स्वयंपाकघरातलं घड्याळ आत्तापासूनच पुढे करून ठेवलं. तेव्हापासून आमचा दूधवाला रोज उशिरा येतो आणि बोलणी खातो. मी ऑफिसात वेळेआधी पोचू लागलोय. साहेबांनी परवा आडून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

पण खरी ठिणगी पडली ती डाळीवरून. उंचावर हवेचा दाब कमी, पाणी नव्वदच्या आसपासच उकळतं, तूरडाळ शिजता शिजत नाही. हे काकांनी ग्रुपवर लिहिलं आणि बायकोने तत्काळ उत्तर दिलं, "मग कुकर." तीन लिटरचा. मेहुणा हबकला. जगातल्या एका निःशब्द तळ्याकाठी आपण शिट्ट्या मोजायच्या? मी म्हटलं, तिथे जुम्ल्याकडचा लाल मार्सी तांदूळ मिळतो, फापराची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची, रोटी मिळते, तेच खाऊ. बायको म्हणाली, "खाऊ ना. वरणाबरोबर." शास्त्र तिच्या बाजूचं होतं, हाच त्रास.

कुकर म्हणजे गॅस आला. गॅसचा डबा कुठल्याच विमानात चालत नाही. राष्ट्रीय उद्यानात लाकूडतोड करून चूल पेटवायची तर वरणाआधी आपणच शिजायचो. काकांनी तोडगा काढला : सगळ्यांनी विमानाने जावं, डबा नेपाळगंजला घ्यावा आणि तो मेहुण्याने रस्त्याने आणावा. "दोन दिवसांत पोचतो. तरुण आहे." मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

त्यात अस्वलं निघाली. त्या जंगलात हिमालयातलं काळं अस्वल आहे, कस्तुरीमृग आहे, लाल पांडाही आहे. खाण्याचे जिन्नस तंबूत ठेवायचे नाहीत, लांब झाडाला उंच टांगायचे, असं मेहुण्याने वाचून दाखवलं. "म्हणजे शिंकं," सासूबाई म्हणाल्या. आयुष्यभर शिंक्याखाली बाळकृष्ण पाहिला, आता अस्वल. मेहुण्याच्या बायकोला मात्र वेगळीच काळजी. बाकरवडीचा वास किती लांब जातो?

एक गोष्ट वाचताना मात्र माझं हसू थांबलं. उद्यान केलं तेव्हा तळ्याकाठची रारा आणि छाप्रू ही दोन गावं उठवून खाली तराईत वसवली. थंडीत जन्म काढलेली माणसं उकाड्याच्या सपाट मुलखात. घर, देव, गुरंढोरं सगळं आवरून त्यांनी डोंगर उतरला असणार. मी हे ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग काकांनी लिहिलं, "धरणग्रस्तांच्या फायली मी हाताळल्यात. नको विचारूस." त्या रात्री ग्रुपवर एवढंच.

दुसऱ्या दिवशी सामान. छोट्या विमानात माणशी साधारण पंधरा किलो, हातातलं धरून. मेहुणा म्हणाला, कधीकधी प्रवाशालाही काट्यावर उभं करतात म्हणे. सगळ्यांनी एकदम माझ्या पोटाकडे पाहिलं. घरातला काटा जुना, तो माणूस पाहून आकडा सांगतो. म्हणून रविवारी रद्दीवाल्याला त्याच्या ताणकाट्यासकट वर बोलावलं.

पहिली माझी बॅग. बावीस. बायकोची एकोणीस, पैकी कुकर अडीच. सासूबाई येणार नव्हत्या, तरी त्यांनी दिलेलं तीन किलो होतं. काकांची फाईल, नकाशे आणि साठ्याचे तक्ते धरून, एक किलो चारशे. तंबू नऊ किलो. मेहुण्याने तो वाकडेवाडीच्या मित्राकडून आणलेला, चार माणसांचा.

मग काढाकाढी सुरू झाली. माझी दुसरी कानटोपी गेली. बाकरवडी निम्मी तिथल्या तिथे खाऊन कमी केली. फाईल काकांनी छातीशी धरली. कुकरला हात लावायला कोणी धजेना. सगळ्यांचे डोळे फिरत फिरत एकाच गोष्टीवर येऊन थांबले.

"काठावर लॉज आहेत ना दोन-चार?" बायकोने विचारलं.

"आहेत," मेहुणा अगदी हळू म्हणाला. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रद्दीवाल्याने तंबूची पिशवी पायाने जरा चाचपून पाहिली. "कापडाला भाव नाय, शेट. दांड्या अॅल्युमिनियमच्या असतील तर बोला."