गळ्यात माळ, अन् मशीन म्हणते पेलेला

अकरा वर्षं झाली ठेकेदाराच्या टिप्परवर ड्रायव्हर आहे. वणीचा कोळसा पट्टा, धूळ खायची अन् ट्रिपा मारायच्या. पहिली पाळी सहाची, म्हणजे चारला उठा, डबा बांधा, साडेपाचला गेटवर लायनीत लागा. आणि गेल्या मंगळवारी मला त्याच गेटवरून परत पाठवलं. का, तर म्हणे दारू पिऊन आला. मी! गळ्यात तुळशीची माळ आहे माझ्या, बापाच्याही होती. लग्नातल्या वरातीत पोरं मला कोपऱ्यात थम्सअप देऊन बसवतात, इतकी आमची ख्याती.

झालं काय ते सांगतो, कारण गावात वेगळंच फिरून राहिलंय.

आमच्या गेटवर फुंकायचं मशीन आलं त्याला वर्ष होत आलं. फुंक मारा, आकडा शून्य आला की हजेरी. चांगलं आहे. तीस टन कोळसा भरलेला टिप्पर खाणीतून वर चढवताना समोरून पेलेला माणूस आला तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, मला कोणी शिकवू नका. रस्त्यावरच्या ड्रायव्हरला कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपर्यंत सूट देतो, आमच्या गेटवर शून्य. शून्यच पाहिजे. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

माझं भांडण नळीशी आहे. साठ-सत्तर माणसं आणि नळी एक! प्रत्येकाला वेगळी नळी पाहिजे, ती वापरून फेकायची असते. पण तिला दोन पैसे लागतात ना. मग एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात. कोणी खर्रा खाऊन आलेला, कोणी खोकणारा. सोमवारी मीच बोललो गेटवरच्या पोराला, "बाबू, हे काय लावलं बे? काही धुवत-पुसत जाय ना." पोरगं गुणी आहे, ऐकलं त्यानं. मंगळवारी येताना सॅनिटायझरची बाटली घेऊन आला. दर माणसामागं नळीवर दोन फवारे, रुमालानं पुसल्यासारखं केलं, की "फुंका काका."

आता सॅनिटायझरमध्ये काय असतं? करोनात अख्ख्या देशाला पाठ झालंय, ७० टक्के अल्कोहोल.

माझ्या पुढच्या दोघांचं कसं निभलं देव जाणे, त्यांच्या वेळी नळी वाळली असेल. माझ्या वेळी ओठाला गार लागली. फुंकलो. टुंई करून मशीन बोंबललं, आकडा ६४. मागं लायनीत एकदम शांतता, मग कोणीतरी खुदकन हसलं. "काका, तुमी बी?"

सुपरवायझर आला. मी म्हटलं, सायेब, नळी ओली आहे, वाळू द्या, पुन्हा फुंकतो. नाही. पंधरा मिनिटं थांबतो, चूळ भरतो. नाही. सरकारी दवाखान्यात न्या, रक्त काढा माझं, पैसे मी देतो. "मशीन खोटं बोलत नाही." अरे बाबा, मशीन खोटं बोलत नाही, पण ते विचारतं कुठं की दारू पोटातून आली का बाटलीतून? आत एक सेल असतो, त्याला अल्कोहोलची वाफ लागली की करंट निघतो, एवढंच त्याला कळतं. श्वासातला आकडा घेतं आणि २१०० नं गुणून रक्तातला म्हणून दाखवतं. मग नळीवरची टिचभर ओलसुद्धा केवढी फुगते ते बघा. होमिओपॅथीचे थेंब घेऊन आलात, तोंड धुवायचं ते निळं औषध वापरलं, खोकल्याची काही काही औषधं घेतली, तरी हेच होतं. तोंडातलं अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं, रक्तातलं जात नाही. म्हणून तर दुसऱ्यांदा फुंकायला लावायचं असतं. विमानाच्या पायलटचं मशीन वाजलं तर त्याला तोंड धुवायला देतात, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासतात. आकाशात दोनशे माणसं नेणाऱ्याला दुसरी फुंक आहे, अन् कोळसा नेणाऱ्याला नाही!

शेवटी मी त्या पोरालाच म्हटलं, "बाबू, तू फुंक." त्यानं सवयीनं दोन फवारे मारले आणि फुंकला. ८८. पोराचं तोंड पाहण्यासारखं झालं. सायबाकडं पाहत म्हणतो, "सायेब, मी तर चहाबी नाई पेलो अजून."

सायेब काय म्हणाला माहीत आहे? "मंग थोबी पेला असंन."

पण त्याला घरी नाही पाठवलं. गेट कोण सांभाळणार? घरी मी गेलो. दिवसाची मजुरी गेली, महिन्याचा हजेरी बोनस गेला, आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं लाल पेनानं 'मद्यपान'. एवढं शुद्ध मराठी आमच्या पगारपत्रकात पण नसतं.

आणि खरे पिणारे? ते आरामात आत आहेत, राजे हो. रात्रपाळीला मशीन कपाटात, चावी सायबाच्या खिशात आणि सायेब घरी. काही जण दुसऱ्याला फुंकायला लावून आपल्या नावची हजेरी घेतात. आमचा पट्टा म्हणजे काय सांगावं, पलीकडं चंद्रपुरात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती तेव्हा वर्धा नदीचा पूल ओलांडून माणसं इकडं प्यायला यायची. इथल्या पिणाऱ्याला तुमच्या गेटची वाट माहीत नसेल? ऑफिसच्या जीपमधून जे आत जातात त्यांच्या तोंडापुढं तर ती नळी कधी गेलेली मी पाहिली नाही. जीपची काचसुद्धा खाली होत नाही.

साडेसातला घरी पोचलो तर बायको अंगणात सडा टाकत होती. मला पाहून बादली हातातच राहिली. तिला समजावलं. पण गावाला काय समजावू? संध्याकाळी पानटपरीवर गेलो तर मला बघून एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. भजनी मंडळातला एक म्हातारा, चांगला माणूस, बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "होते बापा एखाद्या टायमाले. पण माळ उतरवून ठेवत जाय." काय बोलू त्याला! मुलीला पाहायला पुढच्या महिन्यात माणसं येणार आहेत, ती याच पट्ट्यातली.

बुधवारी पुन्हा गेलो. तोच पोरगा, तीच नळी, तीच बाटली. मी म्हटलं, फवारा मारू नको, नाहीतर वाळू दे पाच मिनिटं. तो थांबला बिचारा, नळी हवेत हलवत उभा राहिला. तर मागून लायनीतलेच ओरडायला लागले, "चाला ना काका, तुमच्यापायी आमची हजेरी बुडते!"