पार्किंगमध्ये होड्या बांधू नयेत

आमच्या सोसायटीच्या फलकावर परवापासून एक सूचना झळकते आहे : 'पार्किंगमध्ये होड्या बांधण्यास सक्त मनाई आहे. – कमिटी.' होड्या! अनेकवचनी! वाचणाऱ्याला वाटावं, गोव्यातल्या ह्या ताळगावात गलबतांचा कारखाना निघाला आहे आणि रहिवाशांना स्कूटर लावायला जागा उरलेली नाही. मुळात होडी एकच, तीही माझी नव्हे, आणि मी ती बांधत नव्हतो, उलगडत होतो. शिवाय ही सूचना ज्यांच्या अक्षरात आहे ते गृहस्थ त्याच होडीत स्वतः बसले होते, वल्ह्यासकट. ते मात्र फलकावर नाही.

तर मला कयाक, म्हणजे वल्ह्याने मारायची अरुंद होडी, घ्यायची आहे. पन्नाशीत काहीजण भजनाला लागतात, काहीजण गुडघ्यांच्या डॉक्टरकडे. मला खाडीत शिरावंसं वाटतं. साधी कयाक दहा-बारा फुटांची असते. आमच्या फ्लॅटमध्ये दहा फूट सरळ अशी रेषा एकच, देवघरापासून न्हाणीघरापर्यंत, आणि तिच्यात तीन दारं उघडतात. म्हणून घडीची.

घडीच्या कयाकीचा इतिहास मी इतका वाचला आहे, की कयाक नाही मिळाली तरी परीक्षेला बसता येईल. १९०५ साली आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने बांबूच्या सांगाड्यावर कापड ओढून एक केली आणि इझार नदीत घातली. १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेऊन त्या विकायला काढल्या. शिंप्याने! आमचा शिंपी चतुर्थीचा सदरा दिवाळीला देतो. पुढे ऑस्कर स्पेक नावाचा एक बेकार माणूस १९३२ मध्ये डॅन्यूबकाठच्या उल्महून घडीची कयाक घेऊन निघाला, तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून सिलोन, ब्रह्मदेश करत १९३९ मध्ये थेट ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. पोचताच पकडला गेला, कारण तोवर महायुद्ध सुरू झालं होतं आणि तो जर्मन होता. हे सगळं मी जेवताना रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, "पण घरी कुठे ठेवायचा तो ती?"

"सात वर्षं घरी गेलाच नाही."

"मग बरोबर," म्हणाली आणि सोलकढी वाढली.

ही सांगाड्याची जात अजून मिळते, देखणी असते, पण दोन माणसांची घ्यावी तर वजन तीस किलोच्या घरात आणि जोडताना नळ्या-काठ्यांचा पसारा. फुगवायची जात सगळ्यात कमी जागा खाते. तिच्यात हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, त्यामुळे एक फुटला तरी लगेच जलसमाधी नाही. पण आपल्याकडच्या खारफुटीच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ज्याच्या पायाला लागली आहे त्याला विचारा. तिसरी जात ओरिगामीची, म्हणजे जपानी कागदकामासारखी नुसत्या घड्यांची. सॅन फ्रान्सिस्कोत अँटन विलिस नावाचा एक वास्तुरचनाकार लहान घरात राहायला गेला, कयाक ठेवायला जागा उरली नाही, म्हणून त्याने पोकळ थरांच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याला घड्या घालून कयाक केली. २०१२ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे जमवले आणि मग ती बाजारात आणली. ह्या जातीतली लहान कयाक मिटली की सुमारे ४२ इंच लांब, १८ उंच, १० जाड अशी पेटी होते. वजन नऊ-दहा किलो. माझा जीव हिच्यावर.

टेप घेऊन लॉफ्टवर चढलो. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायचे दिवस, त्यामुळे मे महिन्यात लॉफ्टवर माणसाने चढूच नये. मधोमध माटोळीची, फळं-पानं टांगायची चौकट. दीड दिवस गणपतीच्या डोक्यावर मिरवते आणि उरलेलं वर्ष माझ्या डोक्यावर. एका बाजूला तांब्याची दोन भाणं, सोलांचा डबा, मिठाच्या पाण्यातल्या आंब्यांची बरणी. दुसऱ्या बाजूला सुक्या बांगड्यांचा डबा. बांगडे माटोळीला शिवू नयेत म्हणून आईने मध्ये एक वीत जागा सोडलेली. आमच्या घरात मोकळी जागा अशी तेवढीच, आणि तीही सोवळ्याची. भाणं गावच्या घरी न्यायची का, एवढंच मी विचारलं. आईने उत्तर दिलं नाही. वहिनीला फोन लावून "ह्याचं अलीकडे काहीतरी बिनसलंय" असं सांगितलं.

तरी म्हटलं, एकदा प्रत्यक्ष उघडून बघू. म्हापशाच्या मित्राने त्याची ओरिगामी उसनी दिली. गच्चीची चावी तळमजल्यावरच्या काकांकडे, आणि काका दुपारी एक ते चार निजतात. म्हणून खाली, पाहुण्यांच्या पार्किंगच्या चौकोनात पेटी उघडली. त्या प्लॅस्टिकला पहिल्यांदा उलटं वाकवताना असा काही कर्रर्र आवाज होतो, की काकाच काय, ओल्ड गोव्यातले संतही उठून बसतील.

काकांचा उभा जन्म फेरीबोटीवर गेला. आता ते आमच्या कमिटीचे खजिनदार आहेत. बनियनवर, खांद्यावर पंचा टाकून ते आले आणि पायाच्या अंगठ्याने कयाक ढोसली.

"हें कितें?"

"कयाक, काका. होडी. घडीची आहे, मिटते."

"पाण्यात?"

"नाही. बाहेर काढल्यावर आपण मिटायची."

काका जरा विचारात पडले. "आणि तिला कसं कळतं, आपण पाण्यात आहोत की बाहेर?"

मी पट्टे दाखवले, बकलं दाखवली, आतली आडवी पट्टी दाखवली. मेंटेनन्स थकवणाऱ्याची कारणं ऐकताना होतो तसा काकांचा चेहरा झाला. "म्हणजे बकल सुटलं की मिटली."

"एकदम नाही मिटत, काका."

"हळूहळू मिटली तर तू जास्त वेळ आत."

मग त्यांनी नखाने पत्रा टोकरला. "निवडणुकीत बोर्ड लावतात ना रस्त्यात, ते ह्याचेच. आमच्या वॉर्डात लावले होते, पहिल्या पावसात गेले." थोडं थांबून, "उमेदवारही गेला." किंमत विचारली. मी ती पुष्कळ कमी करून सांगितली. "आरे, ह्या पैशात आंब्याच्या लाकडाची सरळ होडी झाली असती," काका म्हणाले. "आणि ती काही केल्या मिटत नाही!"

हे सगळं बोलता बोलता ते आत बसले. मला विचारलं नाही. बसले, पाय लांब केले, वल्हं मागितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रायबंदर-चोडण फेरी उतरली. तेवढ्यात जेवण पोचवणारा पोरगा बाइक घेऊन आत आला. काकांनी बसल्या जागेवरून वल्हं आडवं धरलं. "बाइक उजवीकडे! गाड्या मधी! चालत जाणारे मागीर!" पोरगा निमूट उजवीकडे बाइक लावून उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कार घेऊन आल्या, त्यांना काकांनी "येऊं दी, येऊं दी, पुरो!" करत कयाकीच्या नाकापर्यंत आणून उभं केलं. बाईंनी हँडब्रेकही ओढला. मी मेहनतीने उघडलेल्या त्या होडीत मी अजून एकदाही बसलो नव्हतो, आणि तिच्यावर दोन वाहनं चढून प्रवासाला सज्ज होती.

उठायच्या वेळी काकांचे गुडघे अडले. बैठक जमिनीला टेकलेली, धरायला काही नाही. रखवालदाराने एका बगलेत हात घातला, पोराने दुसऱ्या. वरच्या बाल्कनीतून कोणीतरी "माझी बिर्याणी!" म्हणून ओरडत होतं. काका एकदाचे बाहेर आले, पंचा झटकला, आणि क्षणात खजिनदार झाले. "उघडी असली की ती वाहन. वाहन घरात न्यायचं नाही. मिटली की ती सामान. सामान पार्किंगमध्ये ठेवायचं नाही."

"मग उघडायची कुठे?"

"तो तुझा प्रश्न."

आणि संध्याकाळी फलक!

मला राग ह्याचा येतो, की काकांनी माझ्यावर ढकललेला 'उघडायची कुठे' हा प्रश्न तेवढा खरा होता. कंपन्या मिटलेल्या कयाकीची मापं देतात. पण ती खाऱ्या पाण्यातून आली की गोड्या पाण्याने धुवावी लागते, खाचांतली वाळू काढावी लागते, खडखडीत सुकवावी लागते, आणि मगच मिटायची. म्हणजे तिला जागा लागते ती उघडीच, आणि ओली. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कमरेच्या पट्ट्याला बुरशी चढते. तिथे ओली कयाक घडी करून ठेवली तर दसऱ्याला लॉफ्टवर अळंबी उगवतील. आणि सुकवायची जागा म्हणजे गच्ची, आणि गच्चीची चावी कोणाकडे?

बरं, बाहेर तरी? पणजीत मांडवीच्या काठाने चालत जा. जेटी आहे, गेट आहे, गेटवर रखवालदार आहे. नदीत वर्षानुवर्षं नांगर टाकून कॅसिनोच्या मजलेदार बोटी उभ्या आहेत, रात्रभर दिवे लावून. त्या मिटत नाहीत. त्यांना कोणाच्या बायकोने विचारलं नाही, ठेवणार कुठे म्हणून. नदीतच ठेवल्या! आणि इथला माणूस दहा फुटांचा प्लॅस्टिकचा पत्रा घेऊन पाण्यात उतरायला जागा शोधतो, तेव्हा फेरीच्या धक्क्याच्या कडेची शेवाळलेली पायरी त्याच्या वाट्याला, तीही दोन फेऱ्यांच्या मध्ये. विनोद सोडून सांगतो, ह्याचा त्रास होतो.

तूर्त मित्राला फोन करायचा आहे. उजव्या कुशीची एक घडी काकांच्या बैठकीने भलत्याच दिशेला पडलेली दिसते आणि पेटी आता एका कोपऱ्यात बंदच होत नाही. वीस हजार घड्या सोसेल, असं बनवणारे सांगतात. काकांबद्दल माहितीपत्रकात काही दिलेलं नाही.