‘नमुन्यादाखल एक घर ठेवा, बाकीची पाडा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या जॉर्जियन, म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकातल्या घरांवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने विरोधात लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन. ही घरं सट्टेबाज बिल्डरांनी एका साच्यातून काढली, म्हणून नमुन्यादाखल एखादं म्युझियम करून ठेवावं आणि बाकीच्या जागा मोकळ्या कराव्यात. दुसरं, वारसा जपणं हा श्रीमंतांचा शौक, आणि जपणुकीचा कायदा काही बदलू देत नाही म्हणून अशाच घरात भाड्याने राहणारी तुमची मुलगी हिवाळाभर कुडकुडते. तिसरं, आपले वाडे पडत असताना हे कौतुक कशाला?

सट्टेबाजीचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. जमीनदाराकडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने जमीन घ्यायची, सांगाडा उभारून छप्पर चढवायचं आणि आतलं काम पुरं होण्याआधीच पट्टा विकून मोकळं व्हायचं, असा हा धंदा होता. चांगली, महाग वीट फक्त दर्शनी बाजूला. ती आतल्या साध्या विटांत गुंतवायची तर मधूनमधून काही विटा आडव्या घालून आतपर्यंत न्याव्या लागतात. तिथेही काटकसर व्हायची. वीट अर्धी फोडायची आणि नुसतं तोंड बाहेर दिसेल अशी बसवायची. त्यामुळे समोरची भिंत अनेक ठिकाणी आतल्या भिंतीला जेमतेम धरून असते.

पण मग ही घरं अडीच-तीनशे वर्षं उभी कशी? एकमेकांच्या आधाराने. दोन घरांमधली सामाईक भिंत दोन्हीकडच्या तुळया आणि धुराडी पेलते, आणि रांग मिळून रेटा सहन करते. मधलं घर काढलंत तर दोन्ही शेजाऱ्यांना टेकू लावावे लागतात. एकटं घर ठेवण्याची कल्पना इथेच अडते.

आणि तो सारखेपणा सगळाच बिल्डरांचा नव्हे, बराचसा कायद्याचा आहे. 1666च्या आगीत लंडन जळाल्यावर नियम कडक होत गेले. 1707मध्ये लाकडी वळचणीवर बंदी आली, म्हणून दर्शनी भिंत छपराच्या वर कठड्यासारखी चढली. 1709च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या चेहऱ्यापासून चार इंच आत घ्यायला लावली. 1774च्या कायद्याने घरांच्या किंमत आणि आकारानुसार चार वर्ग ठरवले, प्रत्येक वर्गाच्या भिंतींची जाडी बांधून दिली, आणि वर-खाली सरकणाऱ्या खिडकीला तोलणारी वजनं ज्या पेटीत सरकतात ती पेटीही विटांमागे लपवायला सांगितली. त्या साध्या चेहऱ्यामागे आगीची भीती आहे. उरली ती प्रमाणबद्धता. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, वरच्या बुटक्या होत जाणाऱ्या. ती डोळ्यांना जाणवते ती पूर्ण रांगेत.

तुमचाच युक्तिवाद आयर्लंडच्या डब्लिनमध्ये झाला होता. लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची 16 घरं पाडून वीज मंडळाला कार्यालय बांधायचं होतं. जॉर्जियन लंडनचे मोठे अभ्यासक जॉन समरसन यांनीही ती रांग म्हणजे एकापुढे एक लावलेली घरं, असाच अभिप्राय दिला. 1965मध्ये घरं गेली आणि शहरातली सर्वांत लांब अखंड जॉर्जियन रांग तुटली. तिथे आलेली काँक्रीटची इमारतही पुढे पाडली गेली आणि आता पुन्हा विटांचा चेहरा असलेली नवी इमारत आहे. एवढा अभ्यासू माणूस चुकला, याचं मला आजही वाईट वाटतं.

श्रीमंतांच्या शौकाबद्दल. इंग्लंडच्या बाथ शहरात 1960च्या दशकात रॉयल क्रेसेंटला, म्हणजे बड्यांच्या घरांच्या प्रसिद्ध चंद्रकोरी रांगेला, धक्का लागला नाही. पाडल्या त्या कारागिरांच्या साध्या रांगा. नमुना ठेवायचा म्हटलं की नमुना नेहमी बड्यांचाच राहतो. स्पिटलफील्ड्सच्या घरांत फ्रान्समधून परागंदा झालेले ह्यूगनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे, विणकर होते. पोटमाळ्यावरच्या लांब खिडक्या मागाला उजेड मिळावा म्हणून. नंतर ज्यू आले, मग बांगलादेशी. 1977मध्ये एल्डर स्ट्रीटवरची घरं पाडायची वेळ आली तेव्हा इतिहासकार आणि वास्तुतज्ज्ञ त्यांत जाऊन राहिले, म्हणून ती वाचली. आज ती सामान्यांच्या आवाक्यात नाहीत, ही खंत तुमच्याइतकीच मलाही आहे. पण घरांच्या किमती पाडकामाने उतरल्या असत्या, हे मला पटत नाही.

कायद्याबद्दल मात्र गैरसमज आहे. संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत नाव आलं म्हणजे बदलाला बंदी, असं नाही. घराचं स्वरूप बदलणाऱ्या कामाला आधी संमती लागते, आतल्या कामालाही, आणि ती न घेणं हा फौजदारी गुन्हा आहे. मालकाला खरा जाच कराचा होतो. जुन्या घराच्या दुरुस्तीवर सहसा 20 टक्के व्हॅट, नव्या घराच्या बांधकामावर शून्य! हा अन्याय आहे आणि तो बदलायलाच हवा.

वाड्यांबद्दल वाद नाही. मुंबईने 1995मध्ये वारसा नियमावली आणली, त्यात इमारतींच्या महत्त्वानुसार श्रेणी आहेत. रांगेचा, गल्लीचा, आळीचा एकत्र विचार कसा करावा हे शिकायला लंडन आणि डब्लिन दोन्ही उपयोगी आहेत, म्हणून तर लिहितो.

आता तुमच्या मुलीच्या खिडकीबद्दल. मूळ खिडकी न काढता आतल्या बाजूने दुसरी काच बसवता येते आणि फटींना पट्ट्या लावता येतात. अशा कामांना हरकत सहसा होत नाही. तिला खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्या नीट पाहायला सांगा. नुसती सजावट वाटते, पण त्या बहुतेकदा घडी घालून ठेवलेल्या आतल्या झडपा असतात, रंगाच्या थरांनी चिकटून बसलेल्या. उघडल्या तर रात्री थंडी चांगली अडते. फक्त रंग स्वतः खरवडू नये, जुन्या रंगात शिसं असतं. आधी घरमालकाशी बोलावं, त्याने जाणकार सुतार बोलवावा.